नवसंशोधकास श्रोता हवा

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. ज्याने आयुष्याची पस्तीस वर्षे काचेच्या बशा, कापसाची बुचे आणि ऑटोक्लेव्हची वाफ यांच्या सहवासात घालविली, त्या मास्तराच्या बोलण्यास अलंकार कोठून असणार? परंतु मघाशी व्यासपीठावर बक्षिसे घेण्यास आलेल्या मुलामुलींत सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम. एस्सी. झालेल्या दोन मुली होत्या. त्यांतील एकीला मी विचारले, "आता पुढे काय?" ती म्हणाली, "सर, प्रबंधिका झाली, वही कपाटात ठेवली. आता बघू." हे "आता बघू" माझ्या मनाला लागले. त्या कपाटातील वहीविषयी बोलावे, असे मी त्याच क्षणी ठरविले; आणि लिहून आणलेले भाषण खिशातच राहू दिले.

सूक्ष्मजीवशास्त्राला आमच्या लहानपणी जंतुशास्त्र म्हणत. जंतू म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे रोग उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. आपल्या या कृष्णाकाठाने जंतूंचा प्रताप पुष्कळ सोसला आहे. प्लेगाच्या साथीत गावेच्या गावे उठून माळावर झोपड्या घालून राहत, हे आपल्यापैकी वयोवृद्धांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतानाच तो रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगाची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. रोग, शुश्रूषा आणि संशोधन ही तिन्ही एकाच काळात, एकाच प्रांतात चालली होती. मिरजेस डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडले आणि पुढे तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही उभे राहिले. त्या एका नावाने दक्षिण महाराष्ट्रातील किती कुटुंबांना धीर दिला, हे मिरजेच्या परिसरात जन्मलेल्यांना सांगावयास नको.

परंतु जंतू म्हणजे केवळ रोग नव्हे. हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला देणारा जंतूच असतो. म्हणून तर आपला शेतकरी पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात जिवाणू संवर्धक कालवून बियाण्याला चोळतो. तोडलेला ऊस कारखान्याच्या आवारात दोन दिवस तिष्ठत पडला, तर रसाला बुळबुळीतपणा येतो व साखरेचा उतारा पडतो. तेही ल्युकोनोस्टॉक नावाच्या जंतूचेच काम. आटपाडीकडील डाळिंबाच्या बागांवर "तेल्या" पडतो. पानांवर व फळांवर तेलकट डाग उमटतात, फळ तडकते, आणि लेकराप्रमाणे वाढविलेली बाग शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने उपटावी लागते. त्या तेल्याच्या मुळाशी झँथोमोनास नावाचा जंतू आहे. वाळवा-मिरज भागांत पाण्याचा अतिवापर होऊन क्षारपड झालेल्या जमिनींतही मिठाला न जुमानणारे जंतू नांदतात, आणि त्यांचा शेतीला काही उपयोग होईल काय, हा आपल्या महाविद्यालयांतील मुलामुलींच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो. तात्पर्य, सातारा-सांगलीच्या तरुण संशोधकाला विषयासाठी दूर जावयास नको. विषय त्याच्या बांधावर आहे, त्याच्या गोठ्यात आहे, गावच्या आडात आहे. त्याला उणीव आहे ती निराळ्याच गोष्टीची. ती कोणती, हे सांगण्यासाठी मी आपल्याला थोडा वेळ परदेशी नेणार आहे.

दीडशे वर्षांपूर्वी जर्मन साम्राज्यात वोलश्टाइन नावाचे एक लहानसे गाव होते. आज ते पोलंड देशात आहे. आपल्याकडील तालुक्याच्या गावाएवढाच त्याचा पसारा. रॉबर्ट कॉख नावाचा तरुण तेथे सरकारी वैद्य होता. दिवसभर रोगी तपासावे, आणि उरलेल्या वेळात घरातल्याच एका खोलीत सूक्ष्मदर्शक लावून बसावे, असा त्याचा क्रम होता. गुरांना होणारा काळपुळी रोग, ज्याला इंग्रजीत अँथ्रॅक्स म्हणतात, एका विशिष्ट जंतूपासून होतो हे त्याने घरच्या घरी शोधून काढले. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्याने लाकडाच्या बारीक काटक्यांनी उंदरांना रोग टोचला. आणि जंतू वाढविण्यासाठी खास द्रव नव्हता, म्हणून बैलाच्या डोळ्यातील स्वच्छ पाणी वापरले. या जंतूचे बीजाणू होतात आणि ते दीर्घकाळ मातीत तग धरून राहतात, हेही त्याने डोळ्यांनी पाहिले. पण पाहिले हे खरे, ते सांगावयाचे कोणाला? वोलश्टाइनमध्ये कोणाला त्यात गम्य होते?

एप्रिल १८७६ मध्ये त्याने ब्रेस्लाउ विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक फर्डिनंड कोहन यांना पत्र लिहिले, आणि महिनाअखेर आपला सूक्ष्मदर्शक व इतर साहित्य घेऊन तो तेथे पोहोचला. त्या वेळी त्याचे वय बत्तीस होते. कोहन यांच्याकडे स्वतःचे काम थोडे नव्हते. ते स्वतःच जंतूंच्या बीजाणूंचा अभ्यास करीत होते. एखाद्या गावंढ्या वैद्याने आपल्याच विषयात हात घातल्याचे पाहून दुसऱ्या एखाद्याने त्याला दारातूनच वाटेला लावले असते. कोहन यांनी आपल्या सहकाऱ्यांना बोलावणी धाडली. तीन दिवस ते प्रयोग त्या मंडळींनी पुनःपुन्हा पाहिले, शंका विचारल्या, उलटतपासणी केली. विकृतिशास्त्राचे नामवंत अध्यापक कोनहाइम यांनी तर आपल्या हाताखालच्या मंडळींनाही ते पाहण्यास पाठविले. त्याच वर्षी कोहन यांनी कॉखचा निबंध आपल्या नियतकालिकात छापला. पुढे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या एका शास्त्रीय सभेत याच कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. क्षयाचे जंतू जाणून रोग्यांची सेवा करणारे मिरजेचे आरोग्यधाम त्या सभेचे दूरचे नातलगच म्हटले पाहिजे. पण माझ्या मते त्या सभेहून ब्रेस्लाउचे ते तीन दिवस मोठे. बर्लिनला कॉख बोलावयास उभा राहू शकला, तो ब्रेस्लाउला त्याचे कोणी ऐकून घेतले होते म्हणून.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील. न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर म्हणून समुद्रकाठी एक संशोधनकेंद्र आहे. तेथे १९४६ च्या उन्हाळ्यात एक परिषद भरली. जोशुआ लेडरबर्ग नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी तेथे उभा राहिला, आणि जंतूंमध्येही दोन निराळ्या कुळांचे आनुवंशिक गुण एकत्र येऊन नवी संतती निपजते, असे त्याने सांगितले. त्या काळच्या समजुतीला हा मोठाच धक्का होता. फ्रान्सचे थोर शास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ यांनी तेथल्या तेथे हरकत घेतली. दोन अपंग जंतू शेजारी शेजारी राहून एकमेकांना अन्न पुरवीत असतील, आणि त्यालाच तू नवी संतती समजत नाहीस कशावरून, असा त्यांचा आक्षेप होता. वाद रंगला. मुलगा डगमगला नाही, आणि वडीलधाऱ्यांनीही त्याला हसण्यावारी नेले नाही. एक एक पेशी अलग करून तिची वाढ तपासली तर ही शंका कायमची फिटेल, असे ठरले आणि त्या नाजूक कामात मदत करण्यास तेथेच एक जाणकार शास्त्रज्ञ पुढे आले. शंका फिटली. बारा वर्षांनी, १९५८ मध्ये, लेडरबर्ग यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे होते.

आता तिसरी गोष्ट आपल्या देशातील, आणि ती सांगताना मला दुःख होते. कॉलरा हा बंगालचा जुना शत्रू. कॉलऱ्याच्या जंतूपासून काही विष निघत असावे, असा तर्क कॉखने कलकत्त्याच्या भेटीनंतर १८८४ मध्ये केला होता. परंतु तो सिद्ध करण्यास पाऊणशे वर्षे लागली, आणि ते काम कलकत्त्यातच डॉ. शंभुनाथ डे यांनी केले. सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात त्यांनी जंतू घालून पाहिले. नंतर जंतू गाळून काढून नुसता द्रव घातला, तरीही आतड्यात तसेच पाणी साठले. विष द्रवात आहे हे सिद्ध झाले. हा निबंध १९५९ मध्ये लंडनच्या "नेचर" मध्ये आला. कॉलऱ्याच्या रोग्याला क्षार-साखरेचे पाणी पाजून वाचविण्याची जी रीत आज घरोघरी माहीत आहे, तिच्यामागची रोगाची समज ज्या संशोधनांनी घडविली, त्यांत या शोधाचे स्थान अग्रभागी आहे. परंतु स्वदेशात डॉ. डे यांना हयातीत म्हणावा तसा मान मिळाला नाही. याच लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविले होते. स्वीडनमध्ये कॉलऱ्यावर नोबेल संस्थेची परिषद भरली व तिचे निमंत्रण डॉ. डे यांना आले, ते १९७८ मध्ये. तेव्हा ते सेवानिवृत्त होऊन पाच वर्षे झाली होती, आणि वय त्रेसष्टच्या घरात होते. १९८५ मध्ये ते निवर्तले. एकाला एकविसाव्या वर्षी श्रोता मिळाला, दुसऱ्याला साठी उलटल्यावर. दोघांच्या बुद्धीत कमीअधिक काही नव्हते.

मंडळी, या तीन गोष्टींचे सार एकच. नव्या संशोधकाला पैसा हवा, उपकरणे हवीत, हे तर खरेच. पण त्या सर्वांच्या आधी त्याला जाणता श्रोता हवा. आणि श्रोता म्हणजे टाळी वाजविणारा नव्हे. मध्येच हात वर करून "थांब, हे तुला कसे कळले?" असे विचारणारा श्रोता हवा. हे मी ग्रंथ वाचून सांगत नाही. त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

मी नुकताच अधिव्याख्याता झालो होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गावच्या मळीच्या जमिनीतून, उसाच्या मुळाभोवतालच्या मातीतून, मी काही जंतू वेगळे केले. ज्या खाद्यात नत्र मुळीच घातलेले नाही अशा खाद्यावर ते छान वाढत. तेव्हा ते हवेतील नत्र घेत असले पाहिजेत, असा निष्कर्ष मी काढला. मी हर्षभरित झालो. एका परिषदेस निबंध पाठविला, तो स्वीकारला गेला. रात्रीची एस. टी. पकडून, मांडीवर तक्त्यांची गुंडाळी सांभाळीत मी त्या शहरी पोहोचलो. उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय, हारतुरे, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचे भाषण, त्यावर आभार! मला दिलेली दहा मिनिटे तीनांवर आली. मी घाईघाईने वाचले. समोरची मंडळी जेवणाच्या पंगतीकडे पाहत होती. कोणी प्रश्न विचारला नाही. प्रमाणपत्र मिळाले. ते मी चौकटीत घालून भिंतीवर लावले, आणि आपले काम बरोबर आहे अशा समजुतीत आणखी दोन वर्षे त्याच मार्गाने चाललो.

दोन वर्षांनी आमच्याच भागातील एका महाविद्यालयात पंधरावीस जणांची छोटी बैठक होती. हार नाही, पाहुणा नाही; तक्तपोशीचे वर्ग आणि चहाची किटली. मी पुन्हा तेच सांगितले. मागच्या बाकावर एक निवृत्त वृद्ध शिक्षक बसले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "बाळ, चंबूत सुरुवातीला नत्र किती होते, ते मोजलेस का? आणि जंतू न घातलेला एक चंबू शेजारी ठेवला होतास का?" मी नत्र मोजले नव्हते. खाद्य घट्ट करण्यासाठी वापरतो त्या अगरमध्येही किंचित नत्र असते, प्रयोगशाळेच्या हवेतही अमोनिया असतो, आणि तेवढ्यावर पुष्कळ जंतू गुजराण करतात. नुसत्या वाढीवरून हवेतील नत्र घेतल्याचे सिद्ध होत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितले. परतल्यावर केल्डाल पद्धतीने सर्व चंबूंतील नत्र मोजले. माझ्या अकरा जंतूंपैकी नऊ बाद झाले! त्या रात्री मला झोप आली नाही. पण उरलेले दोन खरे होते, आणि त्या दोघांच्या आधारावर मी पुढचे सर्व काम केले. त्या वृद्ध गृहस्थांचा एक प्रश्न पहिल्या परिषदेत कोणी विचारला असता, तर माझी दोन वर्षे आणि माझ्या विद्यार्थ्यांचीही दोन वर्षे वाचली असती. ती चौकट मी भिंतीवरून उतरविली. ती अजूनही माझ्याजवळ आहे, पण आतील बाजूने उलटी करून.

आता कोणी म्हणतील, "मास्तर, आज दिवस पालटले आहेत." होय, पालटले आहेत, आणि ते मी आनंदाने मान्य करतो. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील मुलांना उच्च शिक्षणाची वाट जवळ आली. त्याच वर्षी मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या "कमवा आणि शिका" या मार्गाने खेड्यापाड्यांतील गोरगरिबांची मुले प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आली. महाराष्ट्रातील विद्यापीठांची "आविष्कार" ही संशोधनस्पर्धा २००६ साली सुरू झाली, आणि पदवीच्या वर्गातील मुलगासुद्धा आपले पोस्टर लावून परीक्षकांपुढे उभा राहू लागला. हे भाग्य आमच्या पिढीला नव्हते. "आविष्कार"मध्ये आमच्या विद्यार्थ्यांना जो धीटपणा आला, तो मी स्वतः पाहिला आहे.

तरीपण एक गोष्ट उरतेच. "आविष्कार" ही स्पर्धा आहे. तेथे निर्णय द्यावयाचा असतो, म्हणून परीक्षक गुण देऊन पुढच्या पोस्टराकडे वळतो. शिवाय तेथे शुद्ध विज्ञान एका गटात, शेती दुसऱ्या गटात आणि वैद्यक-औषधनिर्माण तिसऱ्या गटात. व्यवस्थेच्या दृष्टीने हे योग्यच. पण जंतूंना ही वाटणी ठाऊक नाही. एक उदाहरण देतो. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले प्रभावी औषध १९४३ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या कृषी महाविद्यालयात, शेतमातीतील जंतूपासून मिळाले. ते प्रत्यक्ष वेगळे करणारा आल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. तेच औषध पुढे आपल्याकडे डाळिंबाच्या तेल्यावर वर्षानुवर्षे फवारले गेले. आता आटपाडीच्या बागेतील जंतूवर ते औषध लागू पडते की नाही, हे पाहणारी मुलगी शेतीच्या गटात. मिरजेच्या इस्पितळातील रोग्याच्या जंतूवर कोणते औषध चालते हे पाहणारा मुलगा वैद्यकाच्या गटात. आणि औषधाला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे शिकणारी तिसरी मुलगी विज्ञानाच्या गटात. लेडरबर्ग यांनी ज्या वाटेचा आरंभ केला, तीच ही वाट. हे तिघे एका चहाच्या टेबलाशी कधी बसतच नाहीत! आणि हा प्रश्न काही पुस्तकी नव्हे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज पुढे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी औषधाचा अपुरा डोस घेतल्यास जंतू निर्ढावतील, असा इशारा १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच देऊन ठेवला होता.

म्हणून माझी सूचना अशी की, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील नवोदित जंतुसंशोधकांची एक लहानशी परिषद दरवर्षी भरावी. हे दोन जिल्हे एकमेकांना परके नाहीत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघालेला जिल्हाच १९६० मध्ये सांगली झाला. वाईला जी कृष्णा, तीच कराडला आणि तीच सांगलीला. एक वर्ष सातारा, एक वर्ष सांगली, आणि मध्यंतरी प्रीतिसंगमावर कराडला, असा क्रम ठेवता येईल. कोणाही विद्यार्थ्याला सकाळच्या एस. टी.ने येऊन रात्री घरी परतता यावे, एवढेच अंतर.

या परिषदेचे नियमही मी मनाशी योजिले आहेत. पहिला नियम, हारतुरे व शाल-श्रीफळ यांस पूर्ण फाटा. उद्घाटन करावयाचेच तर ते सर्वांत लहान वयाच्या विद्यार्थ्याच्या निबंधाने व्हावे. दुसरा, ज्याने पूर्वी कोठेही निबंध वाचलेला नाही त्याला प्रथम संधी. आणि दहा मिनिटे बोलण्यास तर दहा मिनिटे प्रश्नांस, ती कोणत्याही कारणाने कमी करावयाची नाहीत. तिसरा, वडील मंडळींनी आपला निबंध वाचून निघून जावयाचे नाही. अखेरपर्यंत मागच्या बाकावर बसावयाचे. चौथा, ज्याला मराठीत सांगावेसे वाटते त्याने मराठीत सांगावे. इंग्रजी भाषेच्या भयाने प्रयोगातील शंका गिळून टाकणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. इंग्रजी त्यांनी अवश्य शिकावी, पण पहिल्यांदा उभे राहताना तरी पायाखाली ओळखीची जमीन असावी. पाचवा, फसलेल्या प्रयोगांसाठी एक स्वतंत्र बैठक असावी. नऊ जंतू कसे बाद झाले, हे सांगण्यास मी स्वतः प्रथम उभा राहीन. आणि सहावा नियम नावाचा. काम ज्याचे, नाव त्याचे. शॅट्झला आपल्या वाट्यासाठी १९५० मध्ये आपल्याच गुरूविरुद्ध न्यायालयात जावे लागले, आणि सहशोधक म्हणून मान्यता मिळूनही १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या गुरूला गेले. असा प्रसंग आपल्या मुलांवर येऊ नये.

येथे पालकांनाही एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. आजकाल परिषदांचाही बाजार भरतो. शुल्क भरा, न जाता प्रमाणपत्र घ्या, असे सांगणारे दुकानदार निघाले आहेत. ज्या परिषदेत तुमच्या मुलीला कोणी एकही प्रश्न विचारला नाही, ती कितीही मोठ्या नावाची असली तरी तेथे घातलेले पैसे वाया गेले, असे खुशाल समजावे.

आता आपल्या मंडळाविषयी. आपण दरवर्षी गुणवंतांना बक्षिसे देतो, होतकरूंना शिष्यवृत्ती देतो. हे पुण्यकर्म आहे, ते चालूच राहावे. पण परीक्षेत मिळालेल्या गुणांचे कौतुक करताना, अजून उत्तर न सापडलेल्या प्रश्नामागे लागलेल्या मुलाकडे आपले दुर्लक्ष होते. त्याला गुणपत्रिका नसते. त्याच्या हाती असते ती एक वही, आणि तीही शाईचे व डागांचे ठसे पडलेली. माझी आपल्याला तीन मागण्या आहेत. मंडळाचे हे सभागृह वर्षातून एक दिवस त्या परिषदेसाठी विनामूल्य द्यावे. दूरच्या माण, खटाव, जत, आटपाडी या भागांतून येणाऱ्या मुलांना, विशेषतः मुलींना, आदल्या रात्री आपल्या घरी उतरू द्यावे. आणि शिष्यवृत्ती निधीतील एक लहान भाग त्यांच्या प्रवासखर्चासाठी काढून ठेवावा. या तिन्ही गोष्टी कोणत्याही जातीच्या विद्यार्थ्यासाठी खुल्या असाव्यात, असा माझा आग्रह आहे. प्लेगाने कोणाची जात विचारली नाही, आणि सावित्रीबाईंनीही विचारली नाही. ज्ञानाच्या पंगतीत आपणच ती का विचारावी?

आणि पालकहो, मुलींच्या बाबतीत एक अधिक. आपल्या महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने शिकतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. प्रयोगात त्यांचा हात अधिक स्थिर आणि वही अधिक नेटकी. परंतु पदवी हाती आली की त्यांच्या वह्या प्रथम कपाटात जातात. बाहेरगावी परिषद आहे म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न होतो, "बरोबर कोण आहे?" हा प्रश्न मायेचा आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. मी एवढेच म्हणतो की परिषद आपल्याच गावी, आपल्याच सभागृहात भरली, आणि मुक्काम आपल्याच ओळखीच्या घरी असला, तर त्या प्रश्नाला उत्तर मिळेल. मग तिला दुसरा प्रश्न विचारता येईल, आणि तोच अधिक मोलाचा: "पोरी, तुला काय सापडले?"

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले. तेथील संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतून एक नवा जंतू शोधला, त्याला "पिम्प्रिना" असे गावाचेच नाव दिले, आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरील औषध मिळविले. एका गावाचे नाव जगाच्या जंतुशास्त्रात कायमचे नोंदले गेले. आपल्या आटपाडीच्या, वाळव्याच्या, माणच्या मातीत काय दडले आहे, हे कोणास ठाऊक? कदाचित ते कोणाच्या तरी वहीत आधीच लिहिलेले असेल. कदाचित त्यात माझ्यासारखी चूकही असेल. दोन्ही परींनी ती वही कपाटातून बाहेर आली पाहिजे. चूक असेल तर ती वेळीच कळेल, आणि खरे असेल तर जगाला कळेल.

मघाशी ज्या मुलीने "आता बघू" म्हटले, ती समोरच बसली आहे. तिला मी सर्वांदेखत सांगतो: बाळ, पुढच्या रविवारी ती वही घेऊन माझ्या घरी ये. परिषद भरेल तेव्हा भरेल. तोपर्यंत मागच्या बाकावर बसण्यास हा म्हातारा मोकळा आहे.